रेकॉर्डरची पेटी उघडताना

मित्रहो, रेकॉर्डरची डिस्क कशी बदलायची ते दाखवायला टेबलावरच्या या पेटीचं झाकण मी मुद्दाम काढून ठेवलंय. नंतर सगळ्यांनी जवळ येऊन बघा, पण एक सांगते. टीव्हीचे कार्यक्रम हार्ड डिस्कवर उतरवणाऱ्या या जुन्या रेकॉर्डरांमध्ये पॉवर सप्लाय असा उघडाच असतो, त्यावर जाळी नाही की आवरण नाही. प्लग काढला तरी त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज काही काळ साठून राहते. डिस्क काढताना हाताची मागची बाजू तिथे सहज लागते. तेव्हा प्लग काढा, थोडं थांबा आणि मगच स्क्रू ड्रायव्हर हातात घ्या.

हा टिव्हो. १९९९ साली अमेरिकेत टिव्हो आणि रिप्लेटीव्ही असे दोन घरगुती डिजिटल रेकॉर्डर बाजारात आले. टीव्हीवर चाललेलं घरी टेपवर उतरवून सवडीने बघणं कायद्यात बसतं, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये बीटामॅक्स या सोनीच्या टेप रेकॉर्डरच्या खटल्यात ठरवलं होतं, तेही पाच विरुद्ध चार मतांनी. टेपची जागा आता हार्ड डिस्कने घेतली. पहिल्या टिव्होत ५४ मेगाहर्ट्‌झचा पॉवरपीसी प्रोसेसर होता, १६ एमबी मेमरी होती आणि त्यावर लिनक्स ही संगणकाची प्रणाली चालायची. म्हणजे टीव्हीखाली ठेवलेला तो एक संगणकच होता. सर्वांत छोट्या मॉडेलमध्ये हलक्या दर्जाचं १४ तासांचं चित्रण मावायचं. मोठी डिस्क बसवायला लोकांनी पेचकस उचलले ते या १४ तासांमुळे.

पण माझ्या मते डिस्क बदलण्याचं खरं कारण जागा नाही. या यंत्राची डिस्क कधी विसावत नाही. तुम्ही काही रेकॉर्ड करत नसलात तरी चालू वाहिनीचा मागचा अर्धा तास ते सतत लिहून ठेवतं, म्हणून तर चालू कार्यक्रम मागे नेता येतो. हिशेब करून बघा. सेकंदाला ६ मेगाबिट धरले तर तासाला २.७ जीबी आणि दिवसाला जवळजवळ ६५ जीबी लिहून होतात. वेग म्हणून डिस्कला हे किरकोळ आहे. शीण येतो तो अखंडपणाचा. म्हणून नवी डिस्क घेताना वेगवान डिस्कच्या मागे लागू नका. मंद फिरणारी, कमी तापणारी, आवाज न करणारी घ्या. कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरसाठी ज्या डिस्क विकतात त्या याच कामाच्या असतात.

आता कॉपी. इथे मी सर्वांत जास्त वेळ घेणार आहे, कारण माणसं इथेच फसतात. जुनी डिस्क करकरायला लागली, चित्र अडखळायला लागलं, की आधी पेटी बंद करा. ‘आजचा कार्यक्रम तेवढा होऊ दे’ म्हणू नका. डिस्क काढून संगणकाला जोडा, पण विंडोज चालू असलेल्या संगणकाला नको. विंडोज अनोळखी डिस्कच्या पहिल्या सेक्टरवर, म्हणजे पहिल्या छोट्या कप्प्यावर, आपली खूण लिहू शकतं, आणि टिव्होची सुरुवातीची माहिती नेमकी तिथेच असते. लिनक्सवर जोडलीत तरी डिस्क माउंट करू नका, म्हणजे प्रणालीला तिच्या फाइली वापरायला देऊ नका, फक्त वाचा.

मी पहिल्यांदा जोडली तेव्हा डिस्क कोरी वाटली. एकही विभाग (पार्टिशन) दिसेना. मग पहिला सेक्टर हेक्समध्ये, म्हणजे त्यातले कच्चे आकडे दाखवणाऱ्या रूपात, उघडला. टिव्होच्या पहिल्या सेक्टरची ओळखखूण १४९२ या आकड्यांनी सुरू होते, आणि माझ्यासमोर होतं ९२१४. तासभर बघत बसले होते, मग उलगडलं. सगळं जागेवर होतं, फक्त दर दोन बाइटांची अदलाबदल झालेली होती. पहिल्या पिढीच्या टिव्होत डिस्क अशीच उलटसुलट लिहिली जाते. लिनक्सला सुरू होतानाच तसं सांगितलं, आणि सगळे विभाग ओळीने समोर आले. तो क्षण मी विसरलेले नाही.

डिस्क धडधाकट असेल तर कॉपीसाठी लिनक्सची डीडी ही साधी आज्ञा पुरते. आजारी असेल तर डीडीरेस्क्यू हा प्रोग्राम वापरा. ते खराब जागेपाशी डोकं आपटत बसत नाही. आधी चांगला भाग उचलतं, कुठे अडलं ते नोंदवतं आणि मग त्या जागांकडे परत वळतं. मरणाऱ्या डिस्कच्या हाती जेवढे तास उरलेत ते असे सत्कारणी लागतात. चित्रणातला एखादा ५१२ बाइटांचा सेक्टर गेला तर क्षणभर चौकोन उमटतात, बाकी काही नाही. तोच सेक्टर प्रणालीच्या विभागातला असेल तर यंत्र उठतच नाही. कॉपी झाली की एमएफएसटूल्स हा प्रोग्राम नव्या डिस्कची वाढीव जागा टिव्होच्या स्वतःच्या फाइलप्रणालीला जोडून देतं. दुसरी डिस्क शेजारी लावण्याचा मोह मात्र टाळा. दोन्ही मिळून एकच साठा बनतो, आणि एक गेली की दोन्हींवरचं जातं.

मोठ्या डिस्कची मर्यादा थोडक्यात सांगते. जुना कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सेक्टरचा क्रमांक २८ बिटांत लिहितो, म्हणून १३७ जीबीच्या पुढचं त्याला दिसतच नाही. त्यासाठी लोकांनी कर्नलच बदलला. पहिल्या पिढीत हे जमलं, कारण यंत्राने अडवलं नाही.

पुढच्या पिढीत कुलूप आलं. कर्नलवर कंपनीची डिजिटल सही आहे का, हे मदरबोर्डवरची चिप तपासू लागली. टिव्हो कंपनी लिनक्सचा सोर्स कोड, म्हणजे मूळ लिखाण, देत होती, जीपीएल या लिनक्सच्या परवान्याचं अक्षर पाळत होती. पण तो कोड बदलून आपल्याच पेटीत चालवायचा तर ती चिप उखडून दुसरी डकवावी लागे. जीपीएलचे जनक रिचर्ड स्टॉलमन यांनी याला टिव्होकरण म्हटलं, आणि २९ जून २००७ रोजी आलेल्या जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत घरगुती यंत्रांपुरती त्यावर बंदी घातली गेली. लिनक्सचे कर्ते लिनस टोरवाल्ड्स यांना ते पटलं नाही, आणि लिनक्स दुसऱ्याच आवृत्तीवर राहिलं. यंत्र बनवणाऱ्याने काय कुलपं लावावीत हे सॉफ्टवेअरच्या परवान्याने ठरवू नये, असं त्यांचं म्हणणं. मी टोरवाल्ड्सना मानते, पण या बाबतीत मी स्टॉलमन यांच्या बाजूची आहे. का, ते सांगते.

माझ्याकडे नंतर आलेला एक रेकॉर्डर होता. त्यात माझे वडील एका चर्चेच्या कार्यक्रमात जेमतेम चार मिनिटं बोललेले होते. एक दिवस त्याचा मदरबोर्ड गेला. डिस्क ठणठणीत होती, मी तिची पूर्ण कॉपी केली, एकही सेक्टर चुकला नाही. पण चित्रण सांकेतिक रूपात लिहिलेलं होतं आणि ते उलगडायची किल्ली त्या मेलेल्या मदरबोर्डवरच्या चिपमध्ये होती. तसाच दुसरा रेकॉर्डर मिळवून त्यात डिस्क लावली. तो सुरू झाला, यादीत कार्यक्रमाचं नाव, तारीख, वेळ सगळं दिसलं. प्ले दाबलं की काळा पडदा.

ती डिस्क स्थिर वीज अडवणाऱ्या पिशवीत घालून कपाटात ठेवली आहे. वर्षातून एकदा जोडते, फिरवते आणि डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ज्या ‘स्मार्ट’ नोंदी ठेवते त्या बघते. परवाच बघितल्या. बदललेले सेक्टर शून्य, वाचायचे अडलेले सेक्टर शून्य.