संगणक सुरू होतो तेव्हा पहिला प्रोसेसर कोणता?

संगणकाचे बटण दाबले जाते, वीजपुरवठा स्थिरावतो आणि रीसेटचा संकेत सर्व प्रोसेसरांना एकदमच मिळतो. समजा, यंत्रात चार प्रोसेसर आहेत. चौघांची घडण सारखी आहे, आणि एक्स८६ यंत्रांत, म्हणजे इंटेलच्या घडणीचे प्रोसेसर असलेल्या यंत्रांत, पहिली आज्ञा कोठून उचलायची तो पत्ताही सारखाच आहे: चार जीबीच्या हद्दीच्या अलीकडे, अवघ्या १६ बाइटांवर. तेथून पुढे फर्मवेअर, म्हणजे यंत्रातच साठवलेला सुरुवातीचा प्रोग्रॅम, सुरू होते. ते चौघांनी एकाच वेळी चालवायला घेतले, तर प्रत्येक जण तीच उपकरणे आपल्या परीने जुळवू लागेल आणि एकाने केलेले दुसरा मोडेल. म्हणून सुरुवात एकानेच करायची असते. इंटेलच्या परिभाषेत त्या एकाला बूटस्ट्रॅप प्रोसेसर आणि उरलेल्यांना ॲप्लिकेशन प्रोसेसर म्हणतात.

निवड कशी करावी, याचे एक उत्तर कोणत्याही प्रोग्रॅमरला चटकन सुचेल: मेमरीत एक खूण ठेवावी आणि जो आधी पोहोचेल त्याने ती बदलावी. पण रीसेटनंतरच्या त्या क्षणी मुख्य मेमरी वापरण्याजोगी झालेलीच नसते. तिची वेळापत्रके आणि जोडण्या कोणीतरी आधी बसवाव्या लागतात, आणि ते कोणी करायचे हेच तर अजून ठरायचे असते. माझ्या मते या विषयातील खरी मेख हीच आहे. म्हणूनच पहिली निवड हार्डवेअरवर सोपवावी लागते.

१९९५ मध्ये आलेल्या पेंटियम प्रोपासूनच्या पी६ कुळात ही निवड एपीआयसी बसवर, म्हणजे प्रोसेसरांमध्ये संदेश नेणाऱ्या सामायिक तारांवर, होत असे. प्रत्येक प्रोसेसर आपला ओळखक्रमांक घातलेला एक संदेश त्या बसवर पाठवू पाहतो. बस एका वेळी एकच संदेश वाहू शकत असल्याने कोणाचा तरी संदेश आधी जातोच. तो सर्वांना ऐकू येतो, आणि त्यातील क्रमांक ज्याच्या क्रमांकाशी जुळतो तो आपल्या एका रजिस्टरमधील, म्हणजे प्रोसेसरच्या आतील छोट्या साठवणीतील, आठव्या क्रमांकाचा बिट उंचावतो. त्या एका बिटाने निकाल लागतो. पुढील झिऑन प्रोसेसरांत पद्धत अधिक साधी झाली: सर्व जण सिस्टिम बसवर एक निष्क्रिय आवर्तन पाठवण्यासाठी धावतात आणि ज्याला ते आधी साधते तो बूटस्ट्रॅप प्रोसेसर होतो. ज्या आवर्तनाने प्रत्यक्षात कोणतेच काम होत नाही, त्यावर ही शर्यत खेळली जाते, याचे मला आजही अप्रूप वाटते.

हरलेले प्रोसेसर हाकेची वाट पाहत थांबतात. इंटेलने सांगितलेल्या क्रमात निवडलेला प्रोसेसर त्यांना आधी इनिट संदेश पाठवतो, १० मिलिसेकंद थांबतो, मग स्टार्टअप संदेश धाडतो आणि २०० मायक्रोसेकंदांनी तोच पुन्हा धाडतो. या संदेशात आठ बिटांचा एक आकडा असतो. त्याला चार केबीने गुणले की जाग आलेल्या प्रोसेसरने कोठून सुरुवात करायची तो पत्ता निघतो. आकडा ८ असेल तर मेमरीच्या आरंभापासून ३२ केबीवर. तेथे तो १९७८ च्या ८०८६ या इंटेलच्या जुन्या प्रोसेसरप्रमाणे १६ बिटांच्या रिअल मोडमध्ये जागा होतो, कुलूप, म्हणजे एका वेळी एकालाच पुढे जाऊ देणारी खूण, मिळेपर्यंत थांबतो आणि एका सामायिक मोजणीत एक मिळवतो. आपल्यासह एकूण किती प्रोसेसर आहेत, हे बूटस्ट्रॅप प्रोसेसरला या मोजणीवरून कळते.

मेमरी तयार झाल्यावर मात्र तीच खुणेची युक्ती निर्धोक ठरते. रिस्क-व्ही या वेगळ्या घडणीच्या प्रोसेसरांच्या यंत्रांवरील लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्यात, हार्ट लॉटरी नावाची एक संख्या आहे. कर्नलमध्ये एकदम शिरलेले हार्ट, म्हणजे तेथील प्रोसेसर, एका अखंड आज्ञेने ती संख्या वाचतात आणि त्याच क्षणी तीत एक मिळवतात. ज्याच्या हाती शून्य येते तो पुढे जातो. बाकीचे बाजूच्या वाटेला लागतात.

कार्यप्रणाली उभी राहिली की सर्व प्रोसेसर जवळपास समान पातळीवर येतात, तरी पहिल्याचे वेगळेपण पुरते पुसले जात नाही. मेमरी जागी ठेवून संगणक झोपवताना लिनक्स आधी इतर प्रोसेसर एकेक करून बंद करते, आणि जाग येताच पहिला प्रोसेसर एकटाच उठून उरलेल्यांना पुन्हा हाका मारू लागतो.