डाऊन सिंड्रोमच्या पोरांचे क्रोमोसोम, एक्स-रे आणि आपली भीती

निपाणीत बोलायचं म्हटल्यावर तंबाखू येणारच, पण तो नंतर. डाऊन सिंड्रोम म्हणजे 21 नंबरचा क्रोमोसोम (पेशीतला जीन वाहणारा धागा) दोनाऐवजी तीन, एकूण 46 ऐवजी 47, हे इथं बसलेल्या आई-बाबांना मी सांगायला नको. 1959 मध्ये फ्रान्समध्ये ते पहिल्यांदा दाखवलं गेलं. मला बोलायचंय ते असं की या पोरांच्या पेशींवर रेडिएशन किंवा काही औषधं पडली की क्रोमोसोम जास्त तुटतात म्हणतात, ते खरं आहे का, आणि असलं तर घाबरायचं कशाला नि कशाला नाही.

हे बघतात कसं, तर थोडं रक्त घ्यायचं, त्यातल्या पांढऱ्या पेशी एरवी विभागतच नाहीत, म्हणून त्यांना जागं करायला फायटोहेमॅग्लुटिनिन घालतात, जे राजम्यातून काढतात. 37 डिग्रीला दोन दिवस ठेवायचं, मग कोल्चिसिन घालून विभागणी मधेच अडवायची. हे कोल्चिसिन आपल्या कळलावीत असतंय बघा, खानापूरकडं पावसाळ्यात तिची लाल-पिवळी फुलं तुम्ही बघितली असणार, झाड विषारी आहे, पोरांना हात लावू देऊ नका. मग पेशी फुगवून काचेवर थेंब टाकायचा, रंगवायचा, की क्रोमोसोम सुटे सुटे दिसतात. रेडिएशन दिलेल्या रक्तात दोन तुटके क्रोमोसोम एकमेकांना चिकटून एकालाच दोन कंबरा आलेल्या दिसतात, त्याला डायसेंट्रिक म्हणतात, कुठं टोकं जुळून रिंग झालेली, कुठं नुसताच तुकडा पडलेला.

1969 मध्ये सासाकी आणि तोनोमुरा या जपानी संशोधकांनी हेच मोजलं आणि डोस तेवढाच असून डाऊन सिंड्रोमवाल्यांच्या रक्तात अशी मोडतोड जास्त निघाली. पुढं ब्लिओमायसिन या औषधावरही तसंच दिसलं. तेव्हा गोष्ट खरी आहे. कारण मात्र एकच नाही. 21 वर एसओडी1 नावाचा जीन आहे, तीन प्रती म्हणजे त्याचं एन्झाइम साधारण दीडपट, ते हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतंय, पण ते पेरॉक्साइड मोडणाऱ्या कॅटलेजचा जीन 11 नंबरवर, त्याच्या प्रती दोनच, मग पेशीवर ताण येतो. तुटलेलं जोडायला वेळ लागतो असंही काही लॅबनी दाखवलंय, सगळ्यांना ते दिसलं नाही.

आता नीट ऐका, कारण घोटाळा इथंच होतोय. लॅबमध्ये त्या रक्ताच्या ट्यूबला दिलेला रेडिएशनचा डोस एक-दोन ग्रे असतो, एक्स-रेच्या हिशेबात एक ग्रे म्हणजे हजार मिलीसिव्हर्ट, आणि छातीच्या एक्स-रेला साधारण 0.1 मिलीसिव्हर्ट, म्हणजे दहा-वीस हजार पटींचा फरक! म्हणून न्यूमोनियाचा संशय असताना एक्स-रे टाळणं मला अजिबात पटत नाही, या पोरांना छातीचं इन्फेक्शन जड जातं. टूडी इकोमध्ये तर रेडिएशनच नसतं, नुसत्या ध्वनिलहरी, आणि जवळजवळ निम्म्या पोरांना जन्मतः हृदयाचा दोष असतो, तेव्हा इको करायचाच. सीटी स्कॅन वेगळा, पोटाच्या सीटीला 8 मिलीसिव्हर्टच्या आसपास जातात, तिथं सोनोग्राफीवर भागेल का हे डॉक्टरांना जरूर विचारा, बिनधास्त विचारा.

आणि आता तंबाखू. बिडीच्या धुरात बेंझोपायरीन असतं, शरीरात त्याचं रूप बदललं की ते डीएनएला चिकटतं, आणि त्याच कुळातल्या एका रसायनावर या पेशी जास्त तुटतात हे लॅबमध्ये दिसलंय. वखारीत पोट आहे हे मला कळतं, पण काका-आजोबांनी पोराच्या खोलीत बिडी ओढायची नाही, आणि कामाचे कपडे बदलूनच पोराला उचलायचं. एक्स-रेला घाबरणाऱ्या घरात धूर चालतो याचं मला फार वाईट वाटतं.

राहिला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर. तो या पोरांच्यात 10 ते 20 पट जास्त, तरी बहुतेकांना होत नाही. आणि झालाच तर मायलॉइड प्रकारात त्या पेशी सायटाराबिन या औषधाला इतकी छान दाद देतात की बाकीच्या पोरांपेक्षा सौम्य ट्रीटमेंट देऊनही चांगलं बरं होतात. पण मेथोट्रेक्सेट या कॅन्सरच्या दुसऱ्या औषधाचा त्रास यांना जास्त, तोंड सोलवटून निघतं, कारण ते औषध पेशीत नेणाऱ्या प्रोटीनचा जीनही 21 वरच आहे. म्हणून बेळगावला जा, मिरजेला जा नाहीतर कोल्हापूरला, कॅरिओटाइपचा, म्हणजे क्रोमोसोम तपासणीचा, रिपोर्ट फाईलच्या अगदी वर लावा आणि औषध सुरू व्हायच्या आधी डॉक्टरांच्या हातात द्या.