कॅटलिया आणि आपला पावसाळा

श्रोतेहो, नमस्कार. मृग नक्षत्र आठवड्यावर आलं आहे. ठाण्यात किंवा नवी मुंबईत ज्यांच्या गॅलरीत कॅटलिया आहे, त्यांच्याशी आज बोलायचं आहे. कारण आपल्याकडे हे ऑर्किड उन्हाळा कसाबसा काढतं आणि पावसाळ्यात सडतं.

कॅटलिया मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेची. कोलंबिया आणि व्हेनेझुएला या दोन्ही देशांचं राष्ट्रीय फूल कॅटलियाच आहे. तिथल्या रानांतही पाऊस भरपूर पडतो. मग तीच वनस्पती आपल्या गॅलरीत का कुजते? तिथे ती मातीत वाढत नाही, झाडाच्या फांदीवर बसते. सर येते, मुळं भिजतात, पाणी निथळून जातं, वाऱ्यानं थोड्याच वेळात सगळं सुकतं. आपण तिला कुंडीत बसवतो, कुंडीखाली बशी ठेवतो आणि मुळांचा वारा बंद करतो.

म्हणून बशी आजच काढा. कुंडी भोकांची किंवा जाळीची घ्या, ग्रिलला टांगा. आत माती अजिबात नको. लोणारी कोळशाचे आणि विटांचे बोटाच्या पेराएवढे तुकडे पुरतात. नारळाचं सोडण बरेच जण वापरतात, पण आपल्या पावसात ते दिवसेंदिवस ओलं राहतं. माझं मत विचाराल तर इथे ते कमीच घालावं.

पाणी कधी द्यायचं हे मुळंच सांगतात. त्यांच्यावर स्पंजासारखं आवरण असतं. कोरडं असताना ते रुपेरी पांढरं दिसतं, भिजलं की आतला हिरवा रंग वर येतो. मुळं पांढरी झाली की पाणी द्या, तेही सकाळी. जुलैत आठवडाभर नाही दिलं तरी घाबरू नका, तिच्या फुगीर खोडांत पाणी साठलेलं असतं. कुंडी मात्र छपराखाली हवी. एखाद्या सरीचं पाणी तिला मानवतं, पण पागोळीची धार आणि दिवसदिवस चालणारी झड सोसत नाही.

सगळ्यात जपायचा तो नवा कोंब. त्याच्या कोवळ्या पानांच्या पेल्यात पाणी साचलं की काळी कूज शिरते. काळपट, पाणीदार डाग दिसतो आणि दोन-चार दिवसांत खालच्या खोडापर्यंत पोचतो. असा डाग दिसला तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. चाकूचं पातं ज्योतीवर धरून घ्या, डागाखालचा थोडा निरोगी भागही कापून टाका आणि कुंडी बाकीच्यांपासून लांब ठेवा. कापावर दालचिनीची पूड चालते, मुळांवर मात्र टाकू नका, ती सुकतात.

कुंडी आत्ता बदलावी का? नव्या कोंबाच्या बुडाशी हिरव्या टोकाची मुळं फुटू लागली असतील तर जरूर बदला, ती लगेच नव्या कोळशाला धरतील. तशी दिसत नसतील तर थांबा. आतलं सगळं कुजलेलं असेल, तरच ही अट मोडायची. लावताना जुन्या खोडांची बाजू कुंडीच्या कडेला टेकवा, कारण झाड एकाच दिशेनं पुढे सरकतं. पुढे जागा हवी. वाटून लावायचं असेल तर प्रत्येक तुकड्यात तीन-चार खोडं ठेवा.

उजेडाचं पानावरून कळतं. पान गर्द हिरवं असेल तर उजेड कमी पडतोय, फूल येणं कठीण. पोपटी पान उत्तम. मे महिन्यात बांधलेली शेडनेट ढग दाटले की काढा. घोडबंदर रोडला किंवा नेरुळला वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांकडे वारा भरपूर असतो, त्यांनी कुंड्या तेवढ्या घट्ट बांधाव्यात. खत १९:१९:१९, म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं, लिटरभर पाण्याला एक ग्रॅम, कोंब वाढत असताना पंधरा दिवसांनी पुरे.

आणखी एक गोष्ट फार थोडे जण लक्षात घेतात. कॅटलिया लेबियाटासारख्या जातींना कळ्या धरायला मोठी रात्र लागते. गॅलरीतली ट्यूबलाइट रोज उशिरापर्यंत जळत राहिली तर झाड धडधाकट असूनही फूल लांबतं. तेव्हा सप्टेंबर लागला की संध्याकाळनंतर तिथला दिवा बंद ठेवा. दिवा रस्त्यावरचा असेल तर कुंडी त्याच्या उजेडाच्या आड सरकवा.