हाफलाँग: डोंगरातलं गाव आणि सहावी अनुसूची

मंडळी, संविधान दिनाचं व्याख्यान म्हटलं की आपण उद्देशिकेपासून सुरुवात करतो. मी आज एका गावापासून करणार आहे. आसाममधलं हाफलाँग. 2011 च्या जनगणनेत वस्ती 44 हजारांच्या आत, म्हणजे आपल्याकडचं तालुक्याचं गाव. डोंगरमाथ्यावर वसलेलं, मध्ये मोठं तळं. हे दिमा हासाओ जिल्ह्याचं मुख्य ठिकाण. 2010 पर्यंत या जिल्ह्याला उत्तर काछार हिल्स म्हणत.

या गावातल्या एका पेयापासून सांगतो. इथल्या दिमासा या आदिवासी जमातीच्या घरी जुदिमा नावाची तांदळाची दारू करतात. चिकट तांदळाचा भात शिजवून निववायचा, त्यात हुमाओ मिसळायचं आणि आंबवत ठेवायचं. हुमाओ म्हणजे तांदळाच्या पिठात थेंब्रा नावाच्या वेलीची साल कुटून केलेली वडी. आपण विरजण लावतो तसं ते काम करतं. लग्न असो, मर्तिक असो, जुदिमा लागतेच. 2021 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं.

आता संविधान उघडा. सहावी अनुसूची म्हणजे आसामसारख्या ईशान्येकडच्या राज्यांतल्या आदिवासी भागांच्या कारभाराचे नियम; या भागांना ती ‘स्वायत्त जिल्हे’ म्हणते. तिचा बारावा परिच्छेद पाहा. ऊर्ध्वपातन न केलेल्या, म्हणजे जुदिमासारख्या, भट्टीवर न गाळलेल्या मद्यावर राज्याच्या विधानसभेनं बंदी घातली, तरी तो कायदा स्वायत्त जिल्ह्यात आपोआप लागू होत नाही. जिल्हा परिषदेनं तशी अधिसूचना काढली तरच होतो. एवढ्या मोठ्या देशाचं संविधान लिहिताना कुणीतरी त्या मडक्याचाही विचार केला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून होतो.

इथे ‘जिल्हा परिषद’ हा शब्द ऐकून गल्लत होते, म्हणून सांगतो. आपली जिल्हा परिषद राज्याच्या कायद्यानं चालते. हाफलाँगची स्वायत्त परिषद थेट संविधानातून आलेली आहे आणि ती कायदे करते. जमीन, राखीव नसलेलं जंगल, फिरती शेती, वारसा, लग्न, गावच्या मुखियाची नेमणूक, गाव आणि शहराचा कारभार हे सगळं तिच्याकडे. कायद्याला राज्यपालांची संमती लागते, पण कायदा करणारे सभासद तिथलेच. सभासद 30, त्यांतले 28 निवडून आलेले. त्यांचा प्रमुख तो मुख्य कार्यकारी सदस्य. गावात सगळे त्याला ‘सीईएम’ म्हणतात. त्याच गावात आपल्या कलेक्टरसारखा अधिकारीही बसतो, तो राज्य सरकारचा. आपण सातबाऱ्यासाठी तलाठ्याकडे जातो. तिथे जमिनीच्या कागदासाठी परिषदेच्या महसूल खात्यात जावं लागतं.

आपल्या गडचिरोलीला, नंदुरबारला पाचवी अनुसूची आहे, म्हणजे इतर राज्यांतल्या आदिवासी भागांसाठीचे नियम. तिथली आदिवासी सल्लागार परिषद नावाप्रमाणे सल्लाच देते. हा फरक का केला? आसामचे नेते गोपीनाथ बोरदोलोई यांच्या घटना समितीतल्या उपसमितीनं डोंगराळ भाग पाहून आराखडा दिला होता. सप्टेंबर 1949 मध्ये घटना समितीत त्यावर कडाडून टीका झाली. यातून ‘ट्रायबलस्तान’ होईल, असं आसामचेच सभासद कुलधर चलिहा म्हणाले. डॉ. आंबेडकरांनी उत्तर दिलं, त्याचा आशय असा: इतर ठिकाणच्या आदिवासींनी भोवतालच्या समाजाचे रीतिरिवाज बरेच घेतले आहेत, आसामच्या डोंगरातल्या लोकांची मुळं अजून त्यांच्या स्वतःच्या संस्कृतीत आहेत. त्यांचे वारशाचे, लग्नाचे नियम वेगळे, म्हणून व्यवस्थाही वेगळी. बाबासाहेबांचं हे भाषण आपल्याकडे फार कमी वाचलं जातं, याचं मला वाईट वाटतं.

पण हाफलाँग एकट्या दिमासांचं नाही. झेमे नागा, ह्मार, कुकी, कार्बी, बियाते, शिवाय बंगाली आणि नेपाळी माणसं. बाजारात एकमेकांशी बोलायला त्यांनी एक मोडकी-जोडकी हिंदी घडवली, तिला हाफलाँग हिंदीच म्हणतात. शाळेत शिकवत नाहीत, पण आल्याचा भाव तिच्यातच ठरतो. जिल्ह्याला दिमासांचं नाव दिलं तेव्हा इतर जमातींनी विरोध केला. मला तो विरोध समजतो. स्वायत्तता एका टेकडीला दिली की शेजारची टेकडी विचारते, आमचं काय? याचं उत्तर अनुसूचीत पुरतं सापडत नाही.

आणि पैसा. 1995 मध्ये परिषदेचे अधिकार वाढले, शेतीपासून माध्यमिक शिक्षणापर्यंत बरेच विषय आले. परिषद बाजारावर, धंद्यावर, वाहनांवर कर लावू शकते; खनिजांच्या रॉयल्टीतही तिला वाटा आहे. तेवढ्यावर डोंगरातले रस्ते होत नाहीत. मोठा निधी राज्याच्या अर्थसंकल्पातून येतो. केंद्राच्या करांतला वाटा सुचवणाऱ्या वित्त आयोगानं या परिषदांचाही विचार करावा, अशी तरतूद असलेलं घटनादुरुस्ती विधेयक 2019 मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं. ज्याच्या हाती जमीन दिली त्याच्या हाती तिजोरीची किल्लीही हवी, असं माझं ठाम मत आहे.

मे 2022 मधला न्यू हाफलाँग स्टेशनचा फोटो तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. पावसात डोंगर खाली आला, फलाट चिखलात गाडला गेला आणि उभ्या गाडीचे डबे आडवे झाले. आसामचं बराक खोरं, त्रिपुरा, मिझोराम यांची रेल्वे कित्येक आठवडे बंद पडली. त्या फोटोकडे नीट पाहा. रूळ केंद्राचे. मदतीला धावणारं प्रशासन राज्याचं. आणि फिरत्या शेतीचे, गावच्या जमिनीचे नियम करायचे परिषदेनं. त्या एका चिखलात तीन सरकारं उभी होती, आणि फावडी घेऊन गावची माणसं.