पाणथरी काढल्यानंतर

पावसाळा सुरू झाला की पुण्यात ‘पेशी’ हा शब्द घरोघरी ऐकू येतो. कुणाला डेंग्यू झाला, कुणाच्या पेशी कितीवर आल्या, पपईच्या पानांचा रस दिला का, अशी विचारपूस जिन्यातच होते. म्हणून सदाशिव पेठेत राहणाऱ्या, एका पतसंस्थेत रोखपाल असलेल्या एका बाईंच्या प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या याच पेशी, तपासणीत ९ हजार निघाल्या, तेव्हा घरच्यांनी डेंग्यूच गृहीत धरला. ताप मात्र आलेला नव्हता. टेबलाची कड जिथे लागते, नेमक्या त्याच जागी मांडीवर काळेनिळे डाग होते, पायांवर टाचणीच्या टोकाएवढे तांबडे ठिपके उठले होते आणि दात घासताना बेसिनमध्ये रक्त पडत होते.

निरोगी माणसाच्या रक्तात दर मायक्रोलिटरला साधारण दीड ते साडेचार लाख प्लेटलेट्स असतात. बाईंना डेंग्यू नव्हता, आयटीपी होता. या विकारात शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच प्लेटलेट्सना परक्या समजते, त्यांच्यावर प्रतिपिंडे चिकटवते, आणि अशा प्लेटलेट्स प्रामुख्याने प्लीहेतल्या भक्षकपेशी गिळून टाकतात. प्लीहा म्हणजे डाव्या बरगड्यांच्या आड दडलेला, मुठीएवढा, सुमारे दीडशे ग्रॅम वजनाचा अवयव. बाईंच्या सासूबाई तिला पाणथरी म्हणतात. १९१६ मध्ये प्रागमधल्या पॉल काझ्नेल्सन या वैद्यकीय विद्यार्थ्याने, प्लेटलेट्सचा नाश इथेच होत असेल तर हा अवयवच काढून पाहावा असे सुचवले. शस्त्रक्रिया झाली आणि रुग्णाच्या प्लेटलेट्स खरोखर वाढल्या. एका विद्यार्थ्याचे म्हणणे त्याच्या वरिष्ठांनी ऐकून घेतले, याचे मोल आम्हांला आजही मोठे वाटते.

आज ही शस्त्रक्रिया पहिला उपाय म्हणून केली जात नाही. आधी स्टेरॉइड दिली जातात, पुढे प्लेटलेट्सची निर्मिती वाढवणारी औषधे असतात, आणि काहींचा आजार आपोआप ओसरतो म्हणून सहसा किमान वर्षभर वाट पाहिली जाते. बाईंनी तीन वर्षे वाट पाहिली. गोळ्यांनी चेहरा सुजला, झोप उडाली, आणि मात्रा कमी केली की आकडा पुन्हा घसरे. ही शस्त्रक्रिया केलेल्या साधारण तीनांपैकी दोघांना टिकाऊ गुण येतो, तिसऱ्याला येत नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितल्यावरच त्यांनी होकार दिला.

शस्त्रक्रिया दुर्बिणीतून झाली. शुद्धीवर आल्यावर पोटापेक्षा डावा खांदाच जास्त दुखत होता, आणि त्यांना वाटले की टेबलावर आपला हात कुठेतरी अवघडला असावा. पोट फुगवण्यासाठी भरलेल्या वायूमुळे श्वासपटलाला त्रास होतो आणि ती वेदना खांद्यात जाणवते, हे परिचारिकेने समजावले तेव्हा त्या निश्चिंत झाल्या. मग हातात तीन रंगीत चेंडूंचे, नळीने श्वास ओढायचे यंत्र आले. पहिला चेंडू उचलायलाच दोन दिवस लागले, कारण डाव्या बरगडीखाली कळ येई. पण तिथला श्वास उथळ राहिला तर फुप्फुसाचा खालचा भाग मिटतो आणि न्यूमोनियाला वाट मिळते. चौथ्या दिवशी दुसरा चेंडू वर गेला. त्याच सकाळच्या अहवालात प्लेटलेट्स २ लाख ४० हजार होत्या, दुसऱ्या आठवड्यात त्या ६ लाखांवर गेल्या. घरात पेढे वाटायची तयारी झाली. डॉक्टरांनी मात्र पोटात दुखल्यास लगेच यायला बजावले, कारण या काळात यकृताकडे जाणाऱ्या शिरेत गुठळी होऊ शकते. पुढे आकडा हळूहळू खाली येऊन स्थिरावला. सहाव्या आठवड्यात पाण्याची बादली उचलायची परवानगी मिळाली, आणि त्यानंतर एका रविवारी त्या पर्वतीच्या पायऱ्या, तीनदा बसून का होईना, चढून गेल्या.

टाके भरून आले, तिथे बहुतेकांच्या दृष्टीने आजार संपतो. आमच्या मते खरे सांगण्यासारखे यापुढेच आहे. प्लीहा रक्तातले जंतू, विशेषतः न्यूमोकोकससारखे आवरण असलेले जंतू, गाळून काढते. ती नसेल तर साध्या वाटणाऱ्या तापाचे काही तासांत जीवघेण्या जंतुसंसर्गात रूपांतर होऊ शकते. अर्भकांमधला हा धोका १९५२ मध्ये वैद्यकीय साहित्यात नोंदवला गेला. तो मोठ्यांनाही असतो आणि आयुष्यभर राहतो. म्हणूनच शस्त्रक्रियेच्या किमान दोन आठवडे आधी न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब या तीन जंतूंवरच्या लशी द्यायच्या असतात, त्यांपैकी काहींचे डोस पुढेही घ्यावे लागतात, आणि फ्लूची लस तर दरवर्षी. मलेरिया अशा रुग्णांना जड जातो. कुत्रा चावला तर रेबीजच्या लशीवरच भागत नाही, कारण कुत्र्याच्या लाळेतला एक जंतू प्लीहा नसलेल्यांना विशेष घातक ठरतो. गल्लोगल्ली भटकी कुत्री असलेल्या शहरात हे ठाऊक असायलाच हवे.

पहिल्याच पावसाळ्यात बाईंना रात्री थंडी वाजून १०१ ताप भरला. सासूबाई काळजीने म्हणाल्या, “अगं, भिजली आहेस, आल्याचा काढा घे आणि झोप.” जवळच्या एका दवाखान्यात, व्हायरल आहे, तीन दिवसांनी या, असे सांगण्यात आले. पोटावर तीन बारीक व्रण होते, पण ते कुणी पाहिले नाहीत. बाईंनी प्लीहा काढल्याची नोंद असलेले, पर्समधले कार्ड काढून पुढे केले, “मला प्लीहा नाही,” असे दोनदा सांगितले, आणि तिथे आणखी वेळ न घालवता, अशा वेळेसाठी लिहून दिलेल्या प्रतिजैविकाचा डोस घेऊन रिक्षाने थेट मोठे रुग्णालय गाठले. तिथे रक्ताचे नमुने घेऊन तासाभराच्या आत शिरेतून औषध सुरू झाले. चौथ्या दिवशी त्या घरी आल्या.

आता त्यांच्या टिफिनच्या पिशवीत थर्मामीटर असतो. कार्डाची एक प्रत पतसंस्थेतल्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याकडे आहे. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर लशीच्या पुढच्या डोसची तारीख सासूबाईंनी स्वतः लाल शाईने लिहिली आहे, आणि सुनेचा आवाज जरा जड वाटला की कपाळावर हात ठेवण्याआधी त्या थर्मामीटर मागतात.