टाके निघाले, पुढे?

(दृश्य: गिरगाव, पहाट. चाळीच्या तळमजल्यावर पोळीभाजी केंद्राचं शटर अर्धं वर.)

निवेदन:
दिवसाला दोनशे पोळ्या. लाटताना हात हलतो असं आपल्याला वाटतं. खरं तर खांदा हलतो, आणि त्याच्यासोबत पाठीवरची कातडी ओढली जाते.

काकूंच्या उजव्या खांद्यामागे लिंबाएवढी गाठ होती. सगळे तिला चरबीची गाठ म्हणायचे, पण तिच्यात चरबी नव्हतीच. कातडीच्या वरच्या थराची पिशवी आत अडकते आणि तिच्यात केराटिन साचत जातं. आपली नखं बनतात तेच हे केराटिन. पिशवीचा तुकडा आत राहिला तर गाठ पुन्हा धरते. म्हणून दाबून रिकामी करणं हा उपाय नव्हे, ती काढावीच लागते.

जागेपुरती भूल, पाच टाके, आणि काकू चालत घरी.

(दृश्य: चाळीचा व्हरांडा. वाळत घातलेले कपडे, गप्पा.)

निवेदन:
चाळीत सल्ल्यांना तोटा नाही. भात नको, पू होतो. वांगं नको. हळद भर. जखम उघडी ठेव, वारा लागू दे.

पू जंतूंनी होतो, भाताने नाही. उलट पथ्याच्या नावाखाली डाळ, दूध, अंडं ताटातून गेलं तर तोटा जखमेचाच, कारण नवी कातडी प्रथिनांवरच उभी राहते. राहिला वारा. १९६२ साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या वरवरच्या जखमांवर प्रयोग केले. झाकून ओलसर राखलेली जखम उघड्या जखमेच्या जवळजवळ दुप्पट वेगाने कातडी धरते, असं त्यांना दिसलं. सुकलेल्या खपलीखालून नव्या पेशींना वाट काढावी लागते; ओलसर जागेवर त्या सरळ सरकतात. ओलसर म्हणजे चिंब मात्र नव्हे. मे महिन्यातल्या मुंबईत घामाने भिजलेलं ड्रेसिंग बदलायलाच हवं.

(दृश्य: जखम जवळून. कडांना फिकट लाली.)

निवेदन:
पहिले दोन-तीन दिवस कडा लाल, थोडी सूज, थोडा ठणका. एवढ्याने घाबरायचं नाही. पांढऱ्या पेशी साफसफाईला आलेल्या असतात. पण तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर दुखणं उतरण्याऐवजी चढायला लागलं, लाली पसरली, पू आला, अंगात ताप भरला, तर घरी बसू नये. मधुमेह असणाऱ्यांनी तर मुळीच नाही.

पहिल्याच दिवशी रक्ताने ड्रेसिंग भिजलं तर स्वच्छ कापडाने पंधरा-वीस मिनिटं सलग दाबून धरायचं. दर मिनिटाला उचलून ‘थांबलं का’ बघितलं की धरलेली गुठळी सुटते. तरीही थांबलं नाही तर दवाखाना. आणि खाज थेट चिकटपट्टीच्या आकाराची, कोपऱ्यांसकट चौकोनी असेल, तर संशय आधी पट्टीच्या ऍलर्जीवर. जंतू चौकोन आखत नाहीत.

(दृश्य: पाऊस. गुडघाभर पाण्यातून चालणारी माणसं.)

निवेदन:
२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पाणी ओसरलं आणि लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचे, रुग्ण वाढले. उंदरांच्या मूत्रातला त्याचा जंतू साचलेल्या पाण्यातून, कातडीवरच्या फटीतून आत शिरतो. पायावरची चामखीळ काढायची असेल आणि घाई नसेल, तर ऐन जुलैचा मुहूर्त कशाला? टाके असताना त्या पाण्यातून जावंच लागलं, तर जखम साबणाने धुऊन लगेच डॉक्टरांना दाखवावी.

(दृश्य: पोळपाट. लाटणं थांबलेलं.)

निवेदन:
काकूंचे टाके बाराव्या दिवशी निघाले. चेहऱ्याचे पाच ते सात दिवसांत काढतात. पाठीला जास्त थांबतात, कारण तिथे ओढ जास्त. चौदाव्या दिवशी काकू पोळपाटासमोर. दुपारी पाठीला ओल लागली. पू नव्हता. जखमेचं तोंड बोटभर उघडलं होतं.

टाके निघाले म्हणजे जखम भरली, हा हिशेब जवळपास सगळ्यांचाच असतो. कातडीचा वेगळा आहे. तिसऱ्या आठवड्यात जखमेच्या जागी मूळ ताकदीच्या जेमतेम २० ते ३० टक्के ताकद असते. तीन महिन्यांनी ८० च्या आसपास. शंभर कधीच नाही. म्हणजे ज्या दिवशी दोरा निघतो, त्या दिवशी कातडी तशी एकटी पडते.

डॉक्टरांनी पुन्हा टाके घातले नाहीत. जखम तळातून भरत येऊ दिली, रोजच्या ड्रेसिंगखाली. वेळ लागला. आता व्रण आहे, गुलाबी आणि थोडा रुंद. खांदा, छाती, कानाची पाळी इथे काहींचा व्रण जखमेची हद्द ओलांडून वाढतो. त्याला केलॉइड म्हणतात. काकूंचा अजून हद्दीत आहे.

(दृश्य: तवा. फुगलेली पोळी.)

निवेदन:
सध्या लाटणं सुनेकडे, काकू फक्त शेकतात. सुनेची पोळी त्यांना जाड वाटते. तिसऱ्या महिन्याची तारीख त्यांनी कालनिर्णयवर गोल करून ठेवली आहे.