आधी गादी, मग कुलूप

श्रोतेहो, नमस्कार. अनाथ मुलांचं आज जगभर पसरलेलं एक कॅथलिक घर सुरू झालं, ते एका स्वयंपाकघरातून. गाव इटलीतलं तुरीन, साल १८४७. धर्मगुरू डॉन बॉस्को. आणि घर सांभाळायला गावाकडून आलेल्या त्यांच्या आई, मार्गारिता.

मे महिना, पण पाऊस धो धो. रात्री दारात पंधराएक वर्षांचा पोरगा, नखशिखांत भिजलेला. गवंडीकाम शोधायला आलेला. काम नाही, जवळचे पैसे संपलेले. आईंनी विस्तवाजवळ बसवलं, सूप दिलं, पाव दिला. आता कुठे जाशील, विचारलं तर रडायलाच लागला. एका कोपऱ्यात पडू द्या म्हणाला.

डॉन बॉस्को मात्र अडले. आधी माळ्यावर अशीच पोरं झोपवली होती. कोणी चादरी नेल्या, कोणी पांघरुणं, शेवटी तर अंथरलेलं गवतसुद्धा चोरून विकलं! आई म्हणाल्या, मी स्वयंपाकघरात झोपवते. लेक म्हणाला, भांडी जातील. ‘ते मी बघते.’ मग त्या पोरालाच घेऊन बाहेरून विटा आणल्या, चार खांब रचले, वर फळ्या, त्यावर गादी, दोन चादरी, पांघरूण. कामाचे, सचोटीचे चार शब्द सांगितले, प्रार्थना म्हणवून घेतली. आणि स्वयंपाकघराला चक्क कुलूप घातलं! पुन्हा सांगते: आधी गादी घातली, मग कुलूप. आपल्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या कुठल्याही आजीने हेच केलं असतं. झोपण्याआधी चार शब्द सांगायची रीत त्यांच्या संस्थांत अजून आहे.

जाता जाता एक. आश्रमात जाऊन वाढदिवसाचा केक कापायचा, फोटो काढायचे, ही हल्लीची टूम मला मुळीच आवडत नाही. टाळ्या वाजवून पोरं कंटाळतात. त्यापेक्षा चादरी किती लागतात, ते विचारा.

असो. पुढे मुलं वाढली, १८५३ पासून घरातच चांभारकाम, शिवणकाम, मग पुस्तकबांधणी, सुतारकाम, १८६२ मध्ये छापखाना. हुन्नर शिकवणारं आपलं बडोद्याचं कलाभवन निघालं १८९० साली, त्याच्याही आधी हे सगळं. १९०६ साली त्यांची माणसं तंजावरला पोचली.

त्याहीपेक्षा मोलाचा १८५२चा एक करार. मुलाला सुताराकडे उमेदवारीला ठेवलं, तेव्हा मालकाकडून लिहून घेतलं: धंद्याबाहेरची कामं सांगायची नाहीत, सणावारी सुट्टी द्यायची, आणि चुकला तर तोंडी समज द्यायची. मारायचं नाही. पुन्हा सांगते, मारायचं नाही. खाली डॉन बॉस्कोंचीही सही.